सक्तीच्या शिक्षणावरील प्रबंध : कागद पुष्कळ जमले, लेखन मात्र अडले आहे

सुरसागर यांचा प्रश्न

नमस्कार.

मी वडोदऱ्यात एका शाळेत इतिहास शिकवते आणि नोकरी सांभाळून पीएच.डी.चे काम करते. बडोदे संस्थानातील सक्तीचे प्राथमिक शिक्षण हा माझा विषय आहे. नोंदणीच्या वेळी मंजूर झालेला कालखंड १८८१ ते १९३९ असा आहे, म्हणजे सयाजीराव महाराजांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले तेव्हापासून त्यांच्या निधनापर्यंतचा. १८९३ मध्ये अमरेली शहरात व आसपासच्या काही गावांत सक्तीचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये मुलांसाठी ७ ते १२ व मुलींसाठी ७ ते १० अशी वयोमर्यादा ठरवून तो साऱ्या संस्थानाला लागू झाला, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मला त्यापुढचे हवे होते. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होत असे. तो दंड कोण ठरवी, कोण वसूल करी, माफी कोणाला मिळे आणि ज्याच्या घरात दंड भरण्याचीही ऐपत नसे त्याचे पुढे काय होई, या प्रश्नांनी मला या विषयाकडे ओढून आणले.

काम सुरू केल्यापासून मनाचे चढउतार फार झाले. एके दिवशी दफ्तरातून, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहातून, आलेल्या फायलीत दंडमाफीचा एक अर्ज हाती लागला. कागद तपकिरी पडलेला आणि घडीवर विरलेला होता, मजकूर गुजरातीत होता आणि खाली सहीच्या जागी अंगठ्याचा ठसा होता. हंगामात मुलगा शेतावर हवा असल्याने तो शाळेत जाऊ शकला नाही, एवढेच बापाचे म्हणणे होते. समासात अधिकाऱ्याचा मराठी शेरा होता, तोही मोडी लिपीत, आणि शेऱ्याखाली इंग्रजी तारीख. वार्षिक अहवालात जो माणूस दंडाच्या एकूण आकड्यात मिसळून गेलेला असतो, तो त्या कागदावर स्वतःच्या तोंडाने बोलत होता. त्या दिवशी घरी जाताना वाटले की आता प्रबंध लिहून झालाच. त्यानंतर मात्र फायलींमागून फायली आल्या आणि त्यांत ‘सोबतचे कागद पुढील कार्यवाहीसाठी पाठवीत आहे’ अशा आशयाच्या पत्रांखेरीज काही नव्हते. सोबतचे कागद कुठेच नव्हते. असे आठवडे सलग गेले की आपण हे का करतो आहोत, असा प्रश्न पडू लागतो.

आज माझ्याकडे टिपणांच्या वह्या आणि छायाचित्रांचे फोल्डर भरपूर आहेत. संस्थानचे वार्षिक अहवाल, कायदे, ‘आज्ञापत्रिका’ या संस्थानी राजपत्रातील हुकूम, हे सारे जमवले आहे. त्यातूनच अंत्यज शाळांचे, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या जातींसाठीच्या शाळांचे, कागद पुढे आले, १९०४ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याचे आले, १९१० नंतरच्या ग्रंथालय चळवळीचे आले. प्रत्येक गोष्ट विषयाशी जोडलेली आहे आणि म्हणून कोणतीच सोडवत नाही. मार्गदर्शक दर भेटीत लिहिलेले प्रकरण मागतात, आणि मी आणखी थोडे कागद पाहून देते असे सांगून येते. नोंदणीची मुदतही आता जवळ आली आहे.

माझे विचारणे तीन गोष्टींबद्दल आहे. साधने गोळा करणे कुठे थांबवावे, हे कसे ठरवावे? विषय आवळून फक्त अमरेलीपुरता केला तर तो प्रबंधाला पुरेल का? आणि जवळजवळ सारे कागद संस्थानच्याच हातचे असताना, ज्यांच्यावर सक्ती झाली त्या लोकांची बाजू कशी मांडावी?

कारेलीबाग यांचा प्रतिसाद

आपण वर्णन केलेला अर्ज वाचून फार आनंद झाला. असा एक कागद मिळाला की विषयाला चेहरा येतो.

मी शिक्षणशास्त्रात प्रबंध पूर्ण केला असून सध्या महाविद्यालयात शिकवते. माझे मत सरळ सांगते. साधने संपत नसतात, आपला प्रश्न संपवावा लागतो. ‘बडोद्यातील सक्तीचे शिक्षण यशस्वी झाले का?’ या प्रश्नाचे उत्तर शंभर फायली आणखी पाहिल्या तरी मिळणार नाही, कारण यश कशाला म्हणायचे याचे माप कागदांत सापडत नाही. पण ‘एका गावात हा नियम प्रत्यक्षात कसा बजावला गेला?’ या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते आपण आधीच अर्धे गोळा केलेले दिसते. हजेरी कोणी घ्यायची, गैरहजर मुलांची यादी कोणाकडे जायची, दंडाची वसुली कोणत्या खात्याने करायची, माफीचा अधिकार कोणत्या पायरीवर होता, ही साखळी एकदा लागली की तो स्वतंत्र प्रबंध आहे.

म्हणून कालखंड १८९३ ते १९०६ असा करावा आणि क्षेत्र अमरेली ठेवावे, असे मी सुचवीन. राज्यभर लागू करण्याआधी तेरा वर्षे एका भागात केलेला प्रयोग हा इतका नेटका विषय आहे की त्याला आरंभ आणि शेवट दोन्ही कागदांनीच दिलेले आहेत. अमरेली हा मुख्य मुलखापासून दूर, काठियावाडात पडलेला तुकडा होता. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे संस्थानचे विखुरलेले प्रांत लक्षात घेतले म्हणजे अशा बाजूच्या प्रांतात नवा नियम आधी आजमावून पाहण्याला प्रशासकीय अर्थ होता का, यावरही आपल्याला लिहिता येईल.

शीर्षकात व कालखंडात बदल करण्यासाठी विद्यापीठाची संमती लागते, तेव्हा मार्गदर्शकांशी आधी बोलावे. कालखंड कमी करण्याला समितीची सहसा हरकत नसते, वाढवण्याला असते.

लेखनाबाबत एकच सवय सांगते. दफ्तरातून आल्यावर त्याच संध्याकाळी, आज पाहिलेल्या कागदांतून काय नवे कळले, ते सलग वाक्यांत अर्धे पान लिहून काढावे. उतारे नव्हे आणि मुद्देही नव्हेत, वाक्ये लिहावीत. प्रकरण लिहायला बसल्यावर ही अर्धी पाने एकमेकांना जोडली जातात. पहिले प्रकरण पहिल्यांदा लिहिण्याचीही गरज नाही. ज्याचे कागद सर्वांत भरलेले आहेत ते प्रकरण आधी लिहावे. प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहिली तरच ती खरी उतरते.

मोडीप्रेमी यांचा प्रतिसाद

सुरसागरताई, आपल्या अर्जावरील मोडी शेऱ्याचा उल्लेख वाचून हे लिहिण्यास बसलो. निवृत्तीनंतर मी मोडी कागदांचे लिप्यंतर करतो आणि शिकू इच्छिणाऱ्यांना शिकवतोही.

मोडी हळू वाचली जाते याचा आपण त्रास करून घेऊ नये. मोडीत लेखक शिरोरेघ आधी ओढून घेतो आणि बोरू फारसा न उचलता तिच्याखाली सलग लिहीत जातो, शब्दांमध्ये जागा सोडत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद करत नाही. त्यामुळे अक्षर ओळखता आले तरी शब्द कुठे तुटतो हे कळायला त्या कचेरीची भाषा अंगवळणी पडावी लागते. पण आपले काम शेऱ्यांपुरते आहे, आणि शेरे ठराविक वळणाचे असतात. ‘सदरहू अर्जदार’, ‘मशारनिल्हे’ (म्हणजे वर उल्लेखिलेले), ‘चौकशी करून कळवावे’, ‘मागणी नामंजूर’, ‘दंड माफ करण्यास हरकत नाही’ असे प्रयोग पुन्हा पुन्हा येतात. एकाच अधिकाऱ्याच्या हातचे पाच-सहा शेरे शेजारी ठेवून वाचा. त्याच्या लेखणीची ढब एकदा कळली की पुढचे शेरे भराभर लागतात. वाचनात ज्याबद्दल शंका असेल तो शब्द कंसात प्रश्नचिन्ह घालून लिहावा. अंदाज मजकुरात मिसळून टाकू नये.

तारखांविषयी मात्र फार जपावे, कारण आपल्या विषयात त्यावर बरेच काही अवलंबून आहे. गुजरातेत विक्रम संवत कार्तिकात बदलतो, उत्तरेकडे चैत्रात. हालार आणि कच्छकडे तो आषाढात बदलतो, आणि आपले अमरेली त्याच बाजूला आहे. समजा, एखाद्या अर्जावर संवत १९४९ चा वैशाख महिना आहे. कार्तिकादी गणनेने तो १८९३ चा एप्रिल-मे होतो आणि चैत्रादी गणनेने १८९२ चा. प्रयोगच १८९३ मध्ये सुरू झालेला असल्याने या एका वर्षाच्या फरकात तो अर्ज प्रयोगाच्या आधीचा ठरतो की नंतरचा, हा साराच प्रश्न येऊन पडतो. म्हणून अर्जातील मितीवर विसंबू नये. कचेरीची आवक नोंद, बारनिशीतील (आवक-जावक नोंदवहीतील) क्रमांक किंवा शेऱ्याखालची इंग्रजी तारीख यांच्याशी ती ताडून पाहावी आणि कोणती गणना धरली ते प्रबंधात एकदा स्पष्ट लिहावे.

आता थांबावे कुठे, याबद्दल. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई हे आपल्या बडोद्याच्याच सेवेतले. सयाजीराव महाराजांच्या पदरी नोकरी करत असतानाच त्यांना इतिहासाचा ध्यास लागला आणि निवृत्तीनंतर पुण्याच्या पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात त्यांनी संपादित करून काढले. त्या दफ्तरात रुमालांचे, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांचे, ढीग हजारोंनी मोजावेत असे होते, आणि ते सारे छापण्याचा विचारही कोणी केला नाही. हाती असलेल्या ढिगातून काय घ्यायचे आणि काय ठेवून द्यायचे, हे ठरवणे हेच संपादकाचे काम होते, आणि त्यांनी काय घेतले व काय वगळले यावर विद्वानांत मतभेदही झाले. ते मतभेद होऊ शकले, कारण निवड करून खंड बाहेर आले होते. आपलेही काम बाहेर येऊ द्यावे. वगळलेले कागद दफ्तरातून कुठे जात नाहीत, दुसरा कोणी ते वाचील.

इंदूरकर यांचा प्रतिसाद

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, तरी कारेलीबाग यांच्या एका सूचनेशी मी सहमत नाही.

१९०६ ला थांबणे नेटके दिसेल, परंतु त्यामुळे विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हातची जाईल असे मला वाटते. अमरेलीतील प्रयोग लहान होता आणि त्यावर दरबाराचे लक्ष होते. अशा ठिकाणी अधिकारी जपून वागतात. तोच नियम राज्यभर गेल्यावर, लक्ष देणारे कोणी नसताना, तो कसा राबवला गेला हे कळल्याशिवाय प्रयोगाचे मोल ठरत नाही. म्हणून माझी सूचना अशी की अमरेली पूर्ण घ्यावी आणि तिच्याशी ताडून पाहण्यासाठी १९०६ नंतरचा, दुसऱ्या प्रांतातील, एकच तालुका घ्यावा. कडी प्रांतातला घेतला तर जमीन, पिके आणि जाती यांची रचना वेगळी असल्याने तुलनेला अर्थ येईल. तालुका निवडताना आपल्या आवडीपेक्षा ज्याचे कागद सलग आहेत तो निवडावा.

हे मी माझ्या अनुभवावरून सांगतो. मी होळकर संस्थानच्या रेल्वेवर काम केले. खंडवा ते इंदूर लोहमार्गासाठी तुकोजीराव दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ दिले होते. संस्थानाने इंग्रज सरकारला कर्ज द्यावे, ही गोष्टच मला विलक्षण वाटली होती. दरबारात त्यावर काय चर्चा झाली, विरोध कोणी केला, हे शोधायचे म्हणून मी निघालो. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मध्य भारत मध्य प्रदेशात गेला, आणि प्रत्येक वेळी कागदांनी घर बदलले. काही भोपाळला गेले, रेसिडेन्सीकडचा, म्हणजे संस्थानातील इंग्रज प्रतिनिधीच्या कचेरीकडचा, पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. एका कार्यालयात तर परवानगीचा अर्जच कित्येक महिने टेबलावरून हलला नाही, आणि मी जवळजवळ काम सोडले होते. दरबारातील चर्चेचे कागद मला अखेरपर्यंत मिळाले नाहीत. मिळाले ते करारानंतरचे : जमीन, नुकसानभरपाई, स्थानकांच्या जागा, पोलिसांची हद्द. मग प्रबंध त्यावर झाला. लोहमार्ग येताना गावांची जमीन कशी गेली आणि हद्दीवरून संस्थान व रेसिडेन्सी यांच्यात कसे खटके उडाले, हा विषय मूळ विषयापेक्षा चांगला निघाला, असे परीक्षकांनीही म्हटले. आपण काय शोधायला निघालो होतो याचा आग्रह सोडला आणि जे कागद खरोखर उरले आहेत ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतात हे विचारले, तेव्हा काम पुढे सरकले.

लोकांच्या बाजूविषयी. आपला तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एक तर, दंडाची नोंद हीच नकाराची नोंद आहे. संस्थानने आपल्या यशाचे अहवाल लिहिले, हे खरे. पण त्याच संस्थानाने दंड झालेल्यांची नोंदही ठेवली, कारण पैशांचा हिशेब द्यावा लागत होता. ते आकडे महिन्यावार मांडून पाहावेत. पेरणीच्या आणि कापणीच्या महिन्यांत दंड वाढत असेल तर लोकांचा विरोध शिक्षणाला होता की शाळेच्या वेळापत्रकाला, याचे उत्तर तिथेच मिळेल. दंड वर्षभर सारखाच असेल तर दुसरे कारण शोधावे लागेल. दोन्हीतले काहीही निघाले तरी ते आपले स्वतःचे निष्कर्ष असतील.

दुसरे म्हणजे संस्थानाबाहेरची साधने पाहावीत. मुंबई सरकार देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे साप्ताहिक गोषवारे इंग्रजीत तयार करवून घेत असे. त्यांत संस्थानांच्या कारभारावरील टीकाही येते. बडोद्यातून निघणाऱ्या ‘सयाजीविजय’सारख्या पत्राला महाराजांविषयी जे लिहिणे अवघड गेले असते, ते मुंबई-पुण्याच्या पत्राला गेले नसते. त्याशिवाय नामदार गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आहे. बडोद्याचे उदाहरण त्या चर्चेत पुढे केले गेले आणि विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. विरोधकांनी सक्तीविरुद्ध काय काय युक्तिवाद केले ते वाचले की बडोद्याच्या अर्जांत तेच आक्षेप निराळ्या भाषेत दिसू लागतील.

दांडियाबाजार यांचा प्रतिसाद

मुदतीविषयी थोडे लिहितो, कारण त्या काळजीने लेखन अडते असे माझ्या पाहण्यात आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या आणि २०२२ च्या, दोन्ही नियमावल्यांत पीएच.डी.ची कमाल मुदत ६ वर्षे आहे आणि महिला संशोधकांना त्यावर २ वर्षांची सवलत आहे. २०२२ च्या नियमावलीत पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते आणि महिलांच्या बाबतीत एकूण मर्यादा १० वर्षांची आहे. प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा दोन्हींत आहे. आपली नोंदणी कोणत्या नियमावलीखाली झाली आणि आपल्या विद्यापीठाचा त्यावरचा अध्यादेश काय म्हणतो, हे विभागात जाऊन लेखी विचारून घ्यावे. मुदत संपण्याच्या पुरेशी आधी अर्ज करावा. त्या अर्जासोबत एखादे पूर्ण प्रकरण जोडलेले असले तर समितीपुढे आपली बाजू भक्कम होते, हेही एक प्रकरण आधी लिहिण्याचे कारण समजावे.

आपण लिहिलेल्या रिकाम्या आठवड्यांबद्दलही सांगावेसे वाटते. ज्या फायलींतील सोबतचे कागद गहाळ आहेत त्यांचे क्रमांक व तारखा टिपून ठेवल्या आहेत का? कोणत्या वर्षांचे कागद गेले, कोणत्या खात्याचे गेले, याची नोंद प्रबंधाच्या साधनचर्चेत घालता येते, आणि आपल्यामागून येणाऱ्या संशोधकाचे ते आठवडे वाचतात. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात बडोदे संस्थानावरचे जुने प्रबंध आहेत. त्यांपैकी ज्यांनी साधनांची अशी प्रामाणिक चर्चा केली आहे ते मला अधिक उपयोगी पडले.

सुरसागर यांचे उत्तर

आपण सर्वांनी इतका वेळ काढून लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. गहाळ कागदांच्या फायलींचे क्रमांक माझ्या वह्यांत आहेत. आजवर ती मला वाया गेलेल्या वेळेची यादी वाटत होती, आता त्यांचे परिशिष्ट करीन.

मार्गदर्शकांशी कालच बोलणे झाले. कारेलीबाग आणि इंदूरकर यांची दोन्ही मते त्यांना वाचून दाखवली. त्यांचे म्हणणे पडले की अमरेली हा प्रबंधाचा गाभा ठेवावा आणि तुलनेचा तालुका एका प्रकरणापुरता घ्यावा, म्हणजे कागद कमी पडले तरी प्रबंध उभा राहतो. कालखंड १८९३ ते १९१२ असा करण्याचा अर्ज देण्याचे ठरले आहे. १९१२ हे वर्ष मी मुद्दाम सुचवले. बडोद्यात सक्तीचा नियम राज्यभर अमलात असताना इंग्रजी मुलखासाठी मागितलेला तसाच कायदा त्याच वर्षी नाकारला गेला, आणि त्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्याने बडोद्यातील दंडाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

अंत्यज शाळा सोडताना वाईट वाटते आहे, हे लपवीत नाही. १८८० च्या दशकात सुरू झालेल्या त्या शाळांना सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात, १९०८ मध्ये पंडित आत्माराम अमृतसरी यांना त्या कामासाठी बडोद्यास आणण्यात आले, हा सारा इतिहास इतका मोठा आहे की त्याला एका प्रकरणात कोंबणे अन्यायाचे होईल. मात्र दंडाच्या नोंदींत या समाजातील पालकांचे नाव येते का, आणि येत नसेल तर का येत नाही, हा प्रश्न अमरेलीच्या प्रकरणात राहील. १९०४ चा कायदा तळटीपेत जाईल : मुलीला सक्ती दहाव्या वर्षापर्यंत आणि विवाहाची किमान मर्यादा बारा, या दोन्हींच्या मधल्या वर्षांत मुलगी शाळेत राहत होती का, एवढाच त्याचा माझ्या विषयाशी संबंध. ग्रंथालये पूर्णपणे सोडते आहे.

इंदूरकर, दंड महिन्यावार मांडण्याची आपली सूचना रात्री बसून एका गावाच्या नोंदींवर करून पाहिली. एका गावावरून निष्कर्ष काढणार नाही, पण दोन महिन्यांचे आकडे बाकीच्यांपेक्षा ठळकपणे मोठे आहेत. हेच प्रकरण आधी लिहायला घेते आहे.

मोडीप्रेमीकाका, एक विनंती आहे. एका अधिकाऱ्याचे बरेचसे शेरे मी वेगळे काढले आहेत, त्यांत एक शब्द वारंवार येतो आणि तो ‘तूर्त’ आहे की दुसरे काही, हे मला ठरवता येत नाही. ‘तूर्त माफ’ असेल तर माफी कायमची नव्हती असा अर्थ होतो आणि माझी मांडणी बदलते. आपल्याला वेळ असेल तेव्हा ते दाखवायला येऊ का?

मोडीप्रेमी यांचा प्रतिसाद

अवश्य या. रविवारी सकाळी रावपुऱ्यातील आमच्या मोडी वर्गात भेटता येईल. पत्ता निरोपात कळवतो. येताना केवळ शेऱ्याचा कापलेला भाग आणू नये, संपूर्ण पानाचे छायाचित्र आणावे, कारण त्याच हाताने इतरत्र लिहिलेला ‘त’ आणि ‘र’ ताडून पाहिल्याशिवाय मी काही सांगणार नाही. माफी दिल्यावर त्याच पालकाचे नाव पुढच्या वर्षीच्या दंडाच्या यादीत पुन्हा आले आहे का, हेही तोवर तपासून ठेवा. आले असेल तर ‘तूर्त’ या वाचनाला तो वेगळा आधार होईल.